डेनॉन डीएल-१०३ : ख्याल ऐकणाऱ्याने बसवून बघितलेलं कार्ट्रिज

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाई असलेल्यांची सुटका होईल. तुमचा टोनआर्म (टर्नटेबलचा सुई धरणारा दांडा) वजनदार असेल, फोनो स्टेजवर (कार्ट्रिजचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) मूव्हिंग कॉइल जातीच्या कार्ट्रिजची सोय असेल आणि कपाटात जुन्या एचएमव्ही रेकॉर्डींचा भरणा असेल, तर डेनॉन डीएल-१०३ हे कार्ट्रिज, म्हणजे खाचेतली थरथर विजेत बदलणारी सुईची डबी, बिनधास्त घ्या. पहिल्या दोन अटींपैकी एक जरी बसत नसेल तर घेऊ नका, कोणी कितीही भरीस घातलं तरी. तिसरी बसत नसेल तर जरा थांबा, कारण थोडे पैसे वाढवले की याहून बारीक सुईचं काहीतरी मिळतं.

आता सविस्तर.

माझं सांगलीत चष्म्याचं दुकान आहे. फ्रेमच्या दांडीचे स्क्रू बसवण्यात निम्मी हयात गेली, त्यामुळे भिंग आणि चिमटा घेऊन बसायची सवय आहे. टर्नटेबल टेक्निक्स एसएल-१२०० एमके२, मस्कतला नोकरी करणाऱ्या मावसभावाने परत येताना आणलेलं. त्यावर आत्तापर्यंत ऑर्टोफॉन २एम ब्लू हे कार्ट्रिज होतं आणि ते चांगलंच वाजायचं. पण सासऱ्यांच्या पश्चात त्यांचा रेकॉर्डींचा साठा आमच्याकडे आला आणि गणित बदललं. सासरे मिरजेचे, गाण्यातले दर्दी. रेकॉर्ड जपून ठेवायची असते हे त्यांना मान्यच नव्हतं; रेकॉर्ड वाजवायची असते, बस. त्या झिजलेल्या, ओरखडलेल्या तबकड्यांवर २एम ब्लूची लंबवर्तुळी सुई प्रत्येक ओरखडा इमानदारीने वाचून दाखवायची. गाणं ऐकू यायचं, पण पावसातून.

म्हणून डीएल-१०३. डेनॉनने हे कार्ट्रिज १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एनएचके या जपानच्या सार्वजनिक नभोवाणीबरोबर तयार केलं. उद्देश साधा होता: स्टुडिओत दिवसभर रेकॉर्डी वाजवायच्या, सुई कधी घसरता कामा नये आणि एक नग काढून दुसरा लावला तरी आवाज तोच हवा. तेव्हापासून आजपर्यंत फारसा बदल न करता ते बनतंय. सुईचं टोक गोल, त्रिज्या १६.५ मायक्रॉन. कॅन्टिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक दांडी, अॅल्युमिनियमची. सुईचा दाब २.५ ग्रॅम, कमीजास्त ०.३. म्हणजे हल्लीच्या नाजूक कार्ट्रिजांच्या मानाने ठोसर काम. दिसायलाही काळं प्लास्टिक आणि त्यावर पांढरी अक्षरं, एवढंच. बैठकीच्या खोलीत मिरवण्यासारखं त्यात काही नाही.

आधी आर्मचं बोलू, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. डीएल-१०३ ची सुई ताठ आहे. तिची लवचीकता १०० हर्ट्झला ५ अशी दिलेली असते; १० हर्ट्झला ती साधारण दुप्पट धरायची पद्धत आहे. कार्ट्रिज ८.५ ग्रॅम, एसएल-१२०० चा आर्म हेडशेलसकट (कार्ट्रिज ज्यावर बसतं तो टोकाचा तुकडा) १२ ग्रॅम प्रभावी वस्तुमानाचा, स्क्रू-नटांचा एक ग्रॅम. एकूण साडेएकवीस. याला १० ने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा: उत्तर ११ हर्ट्झच्या जरा अलीकडे येतं. आर्म आणि कार्ट्रिज मिळून या कंपनाला स्वतःच थरथरतात. ते ८ ते १२ च्या दरम्यान असावं, कारण त्याखाली वाकड्या रेकॉर्डीचे हेलकावे असतात आणि वर गाणं सुरू होतं. सहा-सात ग्रॅमच्या हलक्या आर्मवर हाच आकडा १३ च्या आसपास सरकतो आणि तबल्याचा बायाँ उगाच फुगतो किंवा पोकळ लागतो. तिथे जड हेडशेल लावून भर घालता येते, पण हेडशेल सुटंच होत नसेल तर तोही मार्ग बंद.

माझ्या टेक्निक्सवर गणित जमलं, तेव्हा पुढचं काम हातांचं.

हेडशेल फिरवून काढा आणि टेबलावर आणा. टर्नटेबलवर वाकून, आर्मला लोंबत्या कार्ट्रिजशी झटापट करू नका. खाली पांढरा सुती रुमाल अंथरा. पडलेला नट दिसतो आणि उसळत नाही. सुईवरचं टोपण शेवटपर्यंत काढायचं नाही.

मूव्हिंग कॉइलमध्ये चुंबक जागेवर असतो आणि सुईच्या मागे गुंडाळलेल्या तांब्याच्या बारीक तारा हलतात. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये उलट. हा फरक वाचायला सोपा आहे, पण हाताला तो वेगळ्याच तऱ्हेने कळतो: डीएल-१०३ चा चुंबक चांगलाच दमदार आहे. पोलादी चिमटा जवळ नेला की शेवटच्या सेंटिमीटरभरात तो तुमच्या हातात राहत नाही, ओढला जातो. आणि ज्या बाजूला ओढला जातो तिथेच कॅन्टिलिव्हर असते. मी शेजारच्या घड्याळवाल्याकडून पितळी चिमटा आणला. स्क्रू आणि नटही पितळेचे वापरले. रुमालावर लोखंडाचा कीस किंवा सुटा लोखंडी नट नाही ना, हे कार्ट्रिज डब्यातून काढायच्या आधी बघून घ्या; सुईपाशी चिकटलेला कण काढताना घाम फुटतो.

आधी वायरी, मग स्क्रू, असा माझा क्रम. एसएल-१२०० च्या हेडशेलच्या वायरी आखूड आहेत. कार्ट्रिज आधी आवळलं तर मागे चिमटा फिरवायला जागा उरत नाही. रंग सगळीकडे ठरलेले: पांढरी डावीची अधिक, निळी डावीची उणे, लाल उजवीची अधिक, हिरवी उजवीची उणे. पिनेवरची क्लिप सैल असेल तर तिच्यात लाकडी टूथपिकचं टोक घालून बाहेरून हलकेच दाबा. घट्ट असेल तर त्याच टूथपिकने जराशी उघडा. जोर लावून पिनेवर ढकलायची नाही. पिन आत सरकली की आतली केसासारखी तार तुटते आणि मग त्या कार्ट्रिजचं काही होत नाही. सोल्डरिंगची इस्त्री तर या पिनांच्या आसपासही आणू नये.

इथे डेनॉनवर माझा एक राग आहे. हल्लीच्या बहुतेक चांगल्या कार्ट्रिजांच्या अंगातच आटे असतात: वरून स्क्रू घातला, फिरवला, संपलं. डीएल-१०३ ला नुसती आरपार भोकं. वरून स्क्रू, खालून नट, आणि तो नट बोटाच्या टोकाने धरून दुसऱ्या हाताने पेच फिरवायचा. मी रोज हेच करतो म्हणून मला त्रास झाला नाही, पण ज्याला या कामाची सवय नाही त्याने दुसऱ्या माणसाला हेडशेल धरायला बसवावं. अंग प्लास्टिकचं आहे, तेव्हा सेल्युलोजच्या फ्रेमला देतो तेवढाच पीळ द्यायचा: हलू नये इतका, चिरू नये इतका. पहिल्यांदा दोन्ही स्क्रू अर्धवटच आवळा, कारण जागा अजून ठरायची आहे.

आता ती जागा. या कार्ट्रिजच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर.

टेक्निक्सबरोबर प्लास्टिकचं एक मापक मिळतं. सुईचं टोक हेडशेलच्या मागच्या रबरी वायसरपासून ५२ मिलिमीटरवर आणायचं, की ओव्हरहँग (सुई तबकडीच्या मध्यापलीकडे जाते ते अंतर) १५ मिलिमीटर येतो. मावसभावाने ते मापक कुठेतरी हरवलंय, म्हणून मी बुबुळांमधलं अंतर मोजायची आमची पीडीची पट्टी वापरली. तिच्यावर मिलिमीटर नीट वाचता येतात. पण इंटरनेटवर कोणालाही विचारा, तो सांगेल की टेक्निक्सचं माप जुनाट आहे, बेअरवाल्डचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन तपासायचा कागद) छापा आणि त्यावर बसवा. बेअरवाल्डमध्ये सुई मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर खाचेशी अगदी सरळ असते आणि बाकी सगळीकडे चूक थोडी-थोडी वाटून दिलेली असते. सरासरी काढली तर ते बरोबरच आहे.

पण आपण सरासरी ऐकत नाही. ख्यालाची एलपी घ्या. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, एकच राग. सुरुवातीला आलाप, विलंबित, लांब श्वासाचे स्वर. द्रुत येते, ताना येतात, आवाज तार सप्तकात जातो ते सगळं शेवटच्या पाच-सात मिनिटांत. आणि रेकॉर्ड बाहेरून आत वाजते. म्हणजे गाण्यातला सगळ्यात अवघड भाग तबकडीच्या सगळ्यात अवघड जागेत कोरलेला असतो. बाहेरच्या काठावर सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला फक्त २१. दहा हजार हर्ट्झची एक लाट काठावर ५१ मायक्रॉन लांब असते आणि आत येईपर्यंत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. त्यात १६.५ मायक्रॉन त्रिज्येचं गोल टोक घालायचं! ते त्या वळणात पूर्ण उतरूच शकत नाही. गोल सुईची ही मुळातली मर्यादा आहे, आणि डीएल-१०३ त्यातून सुटलेलं नाही.

तेव्हा जी जागा सुईला आधीच जड जाते तिथे निदान वाकडेपणाची भर तरी पडू नये. स्टीव्हन्सनच्या पद्धतीत आतला सरळ बिंदू ६०.३ मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ शेवटच्या खाचेवर येतो. टेक्निक्सचं मूळ माप याच घराण्यातलं आहे. मधल्या भागात त्यात थोडी जास्त चूक असते, हे खरं. पण मध्ये बडा ख्याल चाललेला असतो. तिथे खाच सैल असते आणि सुई आरामात असते. मी दोन्ही मांडण्यांवर किशोरीताईंची भूप-बागेश्रीची एलपी लावली. बेअरवाल्डवर भूपाच्या शेवटच्या तानांत आ-काराला किंचित जाळ लागल्यासारखी कड येत होती. ५२ मिलिमीटरवर ती निम्म्याहून कमी झाली. नाहीशी झाली असं म्हणणार नाही. ज्यांच्याकडे तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांच्या एलपी जास्त आहेत त्यांनी बेअरवाल्ड खुशाल वापरावं. त्यांचं म्हणणं चूक नाही, त्यांची रेकॉर्ड वेगळी आहे.

प्रोट्रॅक्टरवर बघताना कार्ट्रिजच्या अंगाच्या कडेवर विसंबू नका. टोपण काढा, भिंग लावा आणि कॅन्टिलिव्हर रेघेशी समांतर आहे का ते बघा. समोरून पाहिलं तर सुई उभी असली पाहिजे. आरसा ठेवून तिचं प्रतिबिंब पाहिलं की अर्ध्या अंशाचा तिरकेपणाही दिसतो. मग स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीने आवळायचे आणि पुन्हा बघायचं, कारण आवळताना कार्ट्रिज हमखास किंचित फिरतं.

वजनाचं काम सोपं. अँटी-स्केटिंग (आर्म आत ओढला जातो त्याला तोलणारी सोय) शून्यावर, आर्म हवेत तरंगता करायचा, मागच्या वजनाचं वर्तुळ शून्यावर आणायचं आणि मग दाब द्यायचा. डिजिटल काटा वापरणार असाल तर त्याची तबकडी चुंबकाला चिकटणारी नाही ना हे तपासा. स्वस्त काट्यांना लोखंडी पत्रा असतो, डेनॉनचा चुंबक त्याकडे ओढला जातो आणि काटा भलताच आकडा दाखवतो. शिवाय मोजताना सुई रेकॉर्डच्या उंचीवर हवी, काट्याच्या जाडीवर नको. मी २.५ वर ठेवलंय. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सुईमागचं रबर ताठरतं तेव्हा २.६ करतो. अँटी-स्केटिंग दाबापेक्षा थोडं कमी, २ च्या आसपास. शेवटच्या तानांमध्ये एकच बाजू चरचरत असेल तर ते हलवायचं, नाहीतर विसरून जायचं. उंचीचं वर्तुळ फिरवण्याआधी त्याची खिट्टी सोडा. वाजताना आर्म रेकॉर्डशी समांतर दिसला की पुरे. गोल सुईला उंचीतले बारकावे फारसे कळत नाहीत, आणि त्यामुळे आपला वेळ वाचतो.

आता वीज. डीएल-१०३ फक्त ०.३ मिलिव्होल्ट देतं. माझं जुनं २एम ब्लू ५.५ द्यायचं. साध्या मूव्हिंग मॅग्नेट इनपुटला ४० डेसिबल वाढ असते. त्यातून डेनॉनचे ३० मिलिव्होल्ट होतील, म्हणजे अॅम्प्लिफायर शेवटपर्यंत पिरगाळायचा आणि गाण्याबरोबर भुसभुस ऐकायची. ६० डेसिबल तरी हवेत. ज्या दुकानातून हे मागवलं तिथल्या माणसाने मला फोनवर ठामपणे सांगितलं होतं की ‘साहेब, कोणत्याही फोनोवर चालतं, आवाज थोडा वाढवा.’ नाही चालत. वेगळा फोनो स्टेज किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर याचा खर्च धरूनच कार्ट्रिजची किंमत लावा, नाहीतर डबा घरी येऊन पडून राहील.

लोडचं (कार्ट्रिजला समोर दिसणाऱ्या रोधाचं) बटण असेल तर त्याच्याशी जरूर खेळा. कार्ट्रिजचा स्वतःचा रोध ४० ओहम. १०० ओहमवर लावलं तर जवळजवळ ३ डेसिबल तिथेच जातात आणि वरचा भाग जरा मिटतो. ४७० ओहमवर एक डेसिबलही जात नाही आणि सूर मोकळे होतात. १:१० चा ट्रान्सफॉर्मर ४७ हजार ओहमच्या इनपुटला लावला तर कार्ट्रिजला हेच ४७० ओहम दिसतात. मी ४७० वरच स्थिरावलो. हम येत असेल तर आधी अर्थची वायर घट्ट आहे का बघा. मग फोनो स्टेज अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब न्या. माझ्याकडे नुसतं शेल्फ बदलल्याने काम झालं.

आणि आवाज?

मध्यभाग भरलेला आहे. गळा, सारंगी, हार्मोनियम ही सगळी मंडळी समोर बसल्यासारखी. पुरुषाचा खर्ज लागतो तेव्हा छातीतून आलेला वाटतो. बायाँवरची मींड नुसती घुमत नाही, ती कुठून कुठे गेली ते कळतं. आणि ओरखडे: आहेत, पण गाण्यापासून सुटे झालेत. आधी खरखर गाण्याच्या अंगावर असायची, आता ती बाजूला टिकटिकते आणि पाच मिनिटांत कान तिची दखल घेणं सोडून देतो. सासऱ्यांच्या ज्या रेकॉर्डी मी वाजवण्याच्या पलीकडच्या म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा परत कपाटात वरच्या फळीवर आल्या. माझ्या दृष्टीने कार्ट्रिजचे पैसे तिथेच वसूल झाले.

दुसरी बाजू माझ्यापेक्षा चांगली एका गिऱ्हाइकाने सांगितली. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक कारागीर माझ्याकडे चष्म्याला येतात. तंबोऱ्याची जवारी (घोडी घासून तारेला दिलेला झंकार) काढण्यात आयुष्य गेलेलं. नवीन भिंगं न्यायला आले तेव्हा वर घरी नेऊन त्यांना ऐकवलं. डोळे मिटून बसले. गळ्याला मान डोलावली, तबल्याला डोलावली. मग म्हणाले, ‘तंबोरा बरा लागलाय, पण जवारी जरा बंद ठेवलीय हो याने.’ अगदी तेच. जवारीतून वर उडणारे जे बारीक स्वर असतात, ते डीएल-१०३ दाखवतं, पण पुढे येऊ देत नाही. २एम ब्लूवर तेच जास्त उघडे होते. सतार, संतूर ऐकणाऱ्यांना ही उणीव जास्त जाणवेल. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-ओसी९एक्सएमएल त्या बाबतीत कितीतरी पुढे आहे, पण त्या मायक्रोलिनिअर सुईला झिजलेली एचएमव्ही देण्याचं माझं धाडस होत नाही.

शंभर तास वाजल्यावर आवाज ‘उघडतो’ असं सांगणारे बरेच भेटतील. मला काही फरक कळला नाही.

घेण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या: मूव्हिंग कॉइलची सुई बदलता येत नाही. मूव्हिंग मॅग्नेटमध्ये पुढचा भाग ओढून काढला, नवा लावला, झालं. इथे सुई संपली की अख्खं कार्ट्रिज संपलं; एकतर नवं घ्या, नाहीतर परदेशातल्या कारागिराकडे नवं टोक लावायला पाठवा. म्हणून कामवाल्या मावशींना टर्नटेबलच्या आसपास फडकं मारायला आमच्या घरी मनाई आहे, आणि सुई झटकायचा ब्रश मागून पुढे, एवढ्याच दिशेने फिरतो.

आणि आजोबांच्या ट्रंकेत नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या असतील तर त्यांवर ही सुई ठेवू नका. त्या खाचा कितीतरी रुंद. त्यांना ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. १६.५ चं टोक तळाशी खडबडीत भागात घासत जातं आणि त्या तबकड्यांचा लाखेचा माल हिऱ्याचीही गय करत नाही. एमके२ ला ७८ चा वेगच नाही, त्यामुळे मला तो मोह होत नाही. याच टर्नटेबलची एमके७ किंवा जीआर आवृत्ती असलेल्यांना तो वेग मिळतो; त्यांनी ७८ साठी दुसरं हेडशेल आणि जाड सुईचं साधं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज वेगळं बांधून ठेवावं.